‘मॅडम शिकवतच नाहीत’

वाचकाचं पत्र

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवते. वर्गात ११२ मुलं आहेत, तास ५० मिनिटांचा असतो. या सत्रापासून मी व्याख्यान जवळजवळ बंद केलं आणि ‘ॲक्टिव्ह लर्निंग’ सुरू केलं. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ घरी बघून यायचा, आणि तासाला सहा-सहा जणांच्या गटात बसून वर्कशीट सोडवायचं. मधूनच मी हजेरीपटावरून कोणाचंही नाव घेऊन उत्तर विचारते. सहाव्या आठवड्यात मुलांकडून निनावी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. त्यातल्या काही अशा: ‘मॅडम शिकवतच नाहीत, सगळं आम्हालाच करायला लावतात.’ ‘डोक्यात काही बसल्यासारखं वाटत नाही.’ ‘व्हिडिओच बघायचा तर कॉलेजला कशाला यायचं?’ ‘गटात एकटाच लिहितो, बाकीचे गप्पा मारतात.’ ‘नाव पुकारतील या भीतीने पोटात गोळा येतो.’ ‘तासाला चर्चा आणि परीक्षेत व्याख्या.’ थोड्या मुलांना आवडलंही आहे. पण विभागप्रमुख म्हणतात, पोर्शन मागे पडतोय, फीडबॅक घसरलाय, जुन्या पद्धतीवर परत या. काय करू?

उत्तर

नमस्कार मॅडम,

परत फिरू नका. पण ‘आजकालच्या मुलांना कष्ट नकोत’ असं म्हणून त्या चिठ्ठ्या बाजूलाही सारू नका. तुम्ही उतरवून पाठवलेल्या चिठ्ठ्या वरवर एकाच सुरातल्या दिसतात, पण त्यांत तीन वेगळ्या तक्रारी आहेत. काही मुलांना जे वाटतंय ते खरं आहे, फक्त त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकलाय. काही ठिकाणी मुलांचं पूर्ण बरोबर आहे आणि बदलायचं तुम्हाला आहे. परीक्षेबद्दलची तक्रार तिसरी. ती एकाच चिठ्ठीत आली असली तरी मनात बहुतेकांच्या असणार. तिन्हींना एकच उत्तर दिलंत तर गाडी आणखी रुतेल.

‘डोक्यात काही बसल्यासारखं वाटत नाही’ ही चिठ्ठी आधी घेऊ. लिहिणारा खोटं बोलत नाही, आळशी तर नाहीच. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात नेमकं हेच तपासलं गेलं. वर्गाचे दोन भाग केले. एका भागाने अनुभवी प्राध्यापकाचं नेटकं व्याख्यान ऐकलं. दुसऱ्या भागाने तोच मजकूर, तीच उदाहरणं गटात आधी स्वतः सोडवून पाहिली, मग उत्तर ऐकलं. पुढच्या घटकाला अदलाबदल केली. तासाच्या शेवटी चाचणी घेतली आणि ‘आपण किती शिकलो असं वाटतं’ हेही विचारलं. ज्यांनी स्वतः झटापट केली त्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, आणि तरीही आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं.

असं होतं कारण नितळ, न अडखळता चाललेलं व्याख्यान ऐकताना आपणही त्याच वेगाने पुढे जातोय असा भास होतो. प्रत्येक पायरी समजते, मान डोलते, वही भरते. त्या सगळ्यात ‘आता पुढची पायरी तुम्ही सांगा’ असं कोणीच म्हणत नाही, त्यामुळे काय येत नाही ते कळायला वावच नसतो. गटात बसून प्रश्न सोडवताना मात्र दर दोन मिनिटांनी आपलं अज्ञान समोर येतं. मुलं त्या अडण्याला ‘मला काही कळत नाही’ म्हणतात. खरं तर शिकणं त्याच वेळी चाललेलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलाकडे हे ताडून पाहण्याचा अनुभव नसतो. बारा-तेरा वर्षांच्या शाळेत त्याला ‘समजलं’ याचा एकच अर्थ मिळालेला असतो: ऐकताना कुठे अडलं नाही.

वाचनाचंही तसंच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि नंतर तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि आठवून लिहिणारे ६१ वर. तासाच्या शेवटी घेतलेला ‘कसं वाटलं’ हा कौल त्या पाच मिनिटांनंतरच्या आकड्यासारखा असतो. तुमच्या मुलांनी प्रामाणिकपणे तोच आकडा चिठ्ठीत लिहिलाय.

पण हे सगळं तुम्ही फळ्यासमोर उभं राहून सांगितलंत तर तेही एक व्याख्यानच होईल, आणि मुलं त्यालाही मान डोलावतील. त्यांच्याच हाताने त्यांना दाखवा. पुढच्या एका तासाची पंधरावीस मिनिटं यासाठी काढा. परासरणावर (ऑस्मोसिस, म्हणजे पातळ पडद्यातून पाण्याचं पेशीच्या आत-बाहेर जाणं) दहा मिनिटं तुमचं उत्तमातलं उत्तम व्याख्यान द्या. आकृती, उदाहरण, सगळं. ते संपलं की प्रत्येकाने अर्ध्या कागदावर एकच आकडा लिहायचा: ‘यावर पाच प्रश्न आले तर माझे किती बरोबर येतील?’ मग वह्या मिटून पाच प्रश्न द्या. त्यांतले निदान तीन तरी समज वापरायला लावणारे हवेत. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर काय होईल? कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी टाकली तर? एक फुटते आणि दुसरी फुटत नाही, ती का? उत्तरं फळ्यावर लिहा, ज्याने त्याने आपलं तपासावं आणि अंदाजाशेजारी खरा आकडा मांडावा. कागद त्यांच्याकडेच राहू द्या. फक्त एवढं विचारा की अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा मोठा होता असे किती जण. बरेच हात वर येतील. यानंतर हार्वर्डच्या प्रयोगाबद्दल पाच मिनिटं बोला, आधी नाही. आणि ‘बघा, मी सांगत होते ना’ हा सूर चुकूनही लागू देऊ नका. आपण हरलो असं वाटलेलं मूल पुढे काहीच ऐकत नाही.

खरं तर हे सत्राच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. सहाव्या आठवड्यात केलंत तरी उपयोग होतो, फक्त मुलांच्या मनात एव्हाना बनलेलं मत आधी खरवडावं लागतं.

आता ज्या चिठ्ठ्यांत मुलांचं बरोबर आहे त्यांच्याकडे. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे जुनं व्याख्यानच घरी पाठवलं, वर तासाचं काम वेगळं. मुलांच्या दृष्टीने तुम्ही एका तासाचे दोन केलेत. व्हिडिओ सहा ते दहा मिनिटांच्या तुकड्यांत कापा आणि एका तासासाठी एक, फार तर दोन तुकडे ठेवा. त्यांत फक्त तेवढंच असू द्या ज्यावाचून तासातला प्रश्न वाचताच येणार नाही: संज्ञा, एखादी आकृती, एखादी प्रक्रिया. प्रत्येक तुकड्याला दोन सोपे प्रश्न जोडा आणि उत्तरं आदल्या रात्रीपर्यंत मागवा. तिसरा प्रश्न नेहमी हाच ठेवा: ‘काय समजलं नाही?’ सकाळी ती उत्तरं दहा मिनिटं चाळलीत तर तासाची सुरुवात कुठून करायची ते आपोआप कळेल. इथे एक खड्डा आहे, त्यात जवळजवळ सगळेच शिक्षक पडतात. निम्मी मुलं व्हिडिओ न बघता आली की शिक्षक वैतागून तासाला तोच भाग पुन्हा समजावतात. दोनदा असं झालं की उरलेली निम्मीही बघायची थांबतात, आणि त्यांचा हिशेब बरोबरच असतो. न बघता आलेल्यांना एक पानाचं टाचण द्या, पाच मिनिटं मागे बसून वाचू द्या, आणि प्रश्न ठरल्या वेळी सुरू करा.

‘व्हिडिओच बघायचा तर कॉलेजला कशाला यायचं’ हा प्रश्न मात्र सोन्यासारखा आहे. व्हिडिओ देऊ शकत नाही असं काही तासाला मिळालं तरच मुलं येतील. चूक करायची, आणि चूक नेमकी कुठे झाली हे तिथल्या तिथे कळायची जागा त्यांना तासाला मिळायला हवी.

सहाचा गट फुटतोच. एका बाकाच्या दोन टोकांना बसलेल्या मुलांना एकमेकांचं ऐकूच येत नाही, दोघे लिहितात, दोघे बघतात, दोघे मोबाइल काढतात. तीन किंवा चारचा गट करा. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळलं की चारचा गट आपोआप होतो, खुर्च्या हलवाव्या लागत नाहीत. गट तुम्ही ठरवा, मुलांवर सोडू नका. मित्रांचे गट झाले की उरलेल्यांचा एक गट तयार होतो आणि सगळ्यांना ते दिसतं. एखाद्या गटात एकटी मुलगी किंवा एकटा नवखा मुलगा अडकणार नाही एवढं पाहा. चार-पाच आठवडे तेच गट ठेवा, मग बदला. गटाला कागद एकच द्या. चार कागद दिले की चौघं आपापलं सोडवतात आणि शेवटी एकमेकांचं उतरवून घेतात. कामं वाटून द्या आणि दर आठवड्याला फिरवा: एकाने लिहायचं, एकाने वेळ आणि प्रश्नाचा धागा सांभाळायचा, एकाने गटाच्या वतीने बोलायचं, चौथ्याने ‘पण असं का?’ एवढंच विचारत राहायचं. हे चौथं काम गटात नुसत्या बसून राहणाऱ्या मुलाला आवर्जून द्या, कारण ते करायला उत्तर माहीत असावं लागत नाही.

नाव पुकारणं. पोटात गोळा येतो हे अक्षरशः खरं आहे. चारचौघांत चुकण्याची भीती काही मुलांची विचारशक्तीच बंद पाडते, आणि मग तुम्ही जे मोजता ते जीवशास्त्र नसतं. पण नाव घेणं पूर्ण बंद केलंत तर पुढच्या बाकावरची तीच पाच मुलं बोलत राहतील. म्हणून आधी विचाराला वेळ, मग शेजाऱ्याशी बोलायला वेळ, आणि मग नाव घ्यायचं तर गटाचं: ‘खिडकीजवळचा गट, तुमच्यात काय बोलणं झालं?’ ‘उत्तर काय’ असं विचारलं की तो बोलणाऱ्याचा निकाल होतो. ‘काय बोलणं झालं’ विचारलं की तो नुसता निरोप पोचवतो. ‘आमचं अजून ठरत नाहीये’ हे उत्तर चालतं असं पहिल्याच दिवशी सांगून टाका. प्रश्न टाकल्यावर थांबाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारेही बोलू लागतात. विचार करायला लावणाऱ्या प्रश्नाला तर एक पूर्ण मिनिट शांतता हवी. ती तुम्हालाच जड जाईल. घड्याळाकडे बघा, पण बोलू नका.

इतकं केल्यावरही ‘मॅडम शिकवतच नाहीत’ ही चिठ्ठी उरतेच. वर्कशीट वाटलं, गोंगाट झाला, घंटा वाजली, मुलं उठली. बरोबर काय होतं आणि चुकीचं का चुकीचं होतं हे कोणी सांगितलंच नाही, असा तास संपला की ती चिठ्ठी लिहिली जाते. मुलं गोंगाट चालवून घेतात, अवघड प्रश्न चालवून घेतात, पण शेवट न झालेला तास चालवून घेत नाहीत, आणि घेऊही नये. एक प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा न्यायचा ते म्हणून सविस्तर लिहितो.

फळ्यावर लिहा: ‘शंभर किलोचा पूर्ण वाळलेला लाकडाचा ओंडका. झाड बी होतं तेव्हा यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. हे वजन मुख्यतः कुठून आलं? (अ) मातीतल्या खनिजांतून (ब) पाण्यातून (क) हवेतून (ड) सूर्यप्रकाशातून.’ एक मिनिट पूर्ण शांतता, प्रत्येकाने एकट्याने ठरवायचं. मग मत: अ-ब-क-ड लिहिलेलं घडीचं कार्ड छातीशी धरायचं, म्हणजे मागच्याला दिसत नाही आणि बघून बदलता येत नाही. कार्ड नसेल तर छातीशी धरलेली एक ते चार बोटं पुरतात. साधारण किती कार्डं बरोबर आहेत ते नजरेनेच मोजा. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये ही पद्धत रुळवली. त्यांचा आडाखा असा की बरोबर उत्तरं तीस टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा निष्फळ ठरते, आधी थोडं समजवा. सत्तरच्या वर असतील तर वेळ घालवू नका, दोन वाक्यांत उलगडा करून पुढे चला. मधल्या पट्ट्यात असतील तेव्हाच चर्चा पेटते.

प्रकाशसंश्लेषण शाळेत शिकून आलेली मुलंही इथे विखुरतात. बरोबर काय ते सांगू नका. मतांचा आलेखही लगेच दाखवू नका. दिसला की मुलं बहुमताकडे धावतात. ‘तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा’ एवढंच सांगा. तीन मिनिटं. या तीन मिनिटांत टेबलाशी उभं राहू नका, बाकांमधून फिरा आणि फक्त ऐका. कानावर काय पडतं तेच तुमचं पुढच्या पाच मिनिटांचं टाचण. ‘प्रकाशाला वजनच नसतं ना’ म्हणणारा ‘ड’ खोडत असतो. ‘पाणी तर वाळवताना उडून गेलं’ हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. आणि सगळ्यात चांगला आक्षेप ‘क’वर येतो: ‘हवेत कार्बन डायऑक्साइड असतोच किती?’ हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या थोडा वर असतो. इतक्या विरळ गोष्टीतून शंभर किलोचा ओंडका होतो हे न पटणं हे विचार करत असल्याचं लक्षण आहे, त्याला तसं म्हणा.

पुन्हा मत घ्या. मग चुकीच्या पर्यायापासून सुरुवात करून पाच मिनिटं तुम्ही बोला, पूर्ण ताकदीने. सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाने कुंडीतल्या २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती जेमतेम २ औंसांनी घटली. त्याचं हे काम १६४८ मध्ये छापून आलं. माती नाही हे त्याने सिद्ध केलं, आणि निष्कर्ष काढला: पाणी. म्हणजे तुमच्या वर्गात ‘ब’ धरणारा त्याच्याच शेजारी बसलाय. आता पूर्ण उत्तर द्या. कोरड्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन, चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त ऑक्सिजन, सुमारे सहा टक्के हायड्रोजन आणि बहुधा एक टक्क्याहूनही कमी खनिजं. कार्बन हवेतला. ऑक्सिजनही त्याच कार्बन डायऑक्साइडमधला, कारण पाण्यातला ऑक्सिजन वायू होऊन बाहेर जातो. पाण्याकडून आला तो मुख्यतः हायड्रोजन. हेच पाच मिनिटांचं बोलणं तुम्ही तासाच्या सुरुवातीला केलं असतं तर ते वहीत उतरलं असतं आणि तिथेच राहिलं असतं. आता मात्र वर्गातल्या प्रत्येकाने एक बाजू घेतलीय, त्यामुळे ऐकताना आपलं बरोबर होतं की चूक हे त्याला जाणून घ्यायचं असतं.

शेवटी एक प्रश्न ज्याने त्याने एकट्याने सोडवायचा, बोलायचं नाही: ‘एका माणसाची दहा किलो चरबी कमी झाली. ती शरीराबाहेर मुख्यतः कोणत्या रूपात गेली?’ घाम, उष्णता, मल अशी उत्तरं येतील. खरं उत्तर: सुमारे ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन आणि १.६ किलो पाणी होऊन. ओंडक्याचा प्रश्न खरंच कळला असेल तर हा येतो, शेजाऱ्याचं उत्तर नुसतं उचललं असेल तर येत नाही. ‘हुशार मुलगा सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात’ या तुमच्या मनातल्या शंकेचीही परीक्षा यातच होते. २००९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या आनुवंशिकीच्या वर्गात नेमका हाच डाव वापरून तपासलं गेलं. चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवताना मुलं सुधारली होती, आणि ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं अशाही गटांत सुधारणा दिसली.

हे सगळं पंधरा-सोळा मिनिटांत बसतं. पन्नास मिनिटांच्या तासात असे दोनच प्रश्न घ्या. उरलेल्या वीस मिनिटांत तुम्ही शिकवा, फळ्यावर, आकृत्या काढून. व्याख्यान जवळजवळ बंद करणं ही या सत्रातली तुमची सगळ्यात मोठी चूक होती असं स्पष्ट सांगतो. चांगलं समजावणं ही तुमची ताकद असेल तर ती वापरा, फक्त प्रश्नाच्या नंतर.

परीक्षा. ‘तासाला चर्चा आणि परीक्षेत व्याख्या’ लिहिणाऱ्या मुलाने तुमची सगळी पद्धत एका ओळीत तपासलीय. परीक्षेत ‘परासरणाची व्याख्या लिहा’ येणार असेल तर तासाला विचार करणं हा त्याच्यासाठी तोटाच आहे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नसली तरी अंतर्गत चाचणी असते. तिच्यातले किमान एक-तृतीयांश गुण तासातल्या प्रश्नांच्या जातीच्या, पण नव्या उदाहरणांवरच्या प्रश्नांना द्या, आणि तसं आधी जाहीर करा. तासाच्या सहभागाला थोडे गुण ठेवा, एकूण गुणांच्या पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ते उत्तर देण्याला द्या, बरोबर उत्तराला नाही. बरोबर उत्तराला दिलेत की मुलं कार्ड वर करण्याआधी हुशार मुलाकडे बघतात आणि तुम्हाला मिळणारी सगळी माहिती खोटी होते. वर्गात गुण एकमेकांच्या तुलनेत ठरत असतील, म्हणजे एकाचे वाढले की दुसऱ्याचे घटत असतील, तर ते थांबवा. शेजाऱ्याला समजावून स्वतःचा क्रमांक घालवायला कोण तयार होईल?

एक चाचणी दोन टप्प्यांत घेऊन पाहा. पहिली ३५ मिनिटं एकट्याने, पेपर गोळा करायचे. मग तेच प्रश्न चौघांनी मिळून एका कागदावर, १५ मिनिटं. एकट्याचे ८५ टक्के आणि गटाचे १५ टक्के धरा, आणि गटामुळे कोणाचे गुण घटत असतील तर त्याचे एकट्याचेच गुण पूर्ण धरायचे, हा नियम आधी सांगा. त्या पंधरा मिनिटांत मुलं जितक्या पोटतिडकीने वाद घालतात तितकी एरवी क्वचितच. पेपर नुकताच दिलेला असतो आणि प्रत्येकाला आपलं काय चुकलं ते आत्ताच कळायला हवं असतं.

सगळ्यात मोठा आवाज कोणाचा आहे तेही बघा. जुन्या पद्धतीत ज्यांना सतत चांगले गुण मिळाले, त्यांचा विरोध बऱ्याचदा जास्त तिखट असतो. नेटक्या वह्या आणि पाठांतर यांत त्यांचा हातखंडा, आणि तुम्ही खेळाचे नियमच बदललेत. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना गमावण्यासारखं खरंच काही आहे. पण त्यांच्या आवाजावरून सगळ्या वर्गाचं मत ठरवू नका. ज्यांचा पाया कच्चा आहे ती मुलं चिठ्ठीत फारसं लिहीत नाहीत, आणि फायदा बहुधा त्यांचाच जास्त होतो.

विभागप्रमुखांकडे जाताना हीच गोष्ट बरोबर न्या. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, ॲक्टिव्ह लर्निंगच्या वर्गांत सुमारे २२ टक्के. पण दुसरीकडचे आकडे ऐकून विभागप्रमुखांचं समाधान होत नसतं, तुमचे स्वतःचे हवेत. एका घटकाआधी दहा प्रश्नांची चाचणी घ्या आणि घटक संपल्यावर त्याच तोडीची पुन्हा घ्या. मिळवता येण्यासारखं जेवढं उरलं होतं त्यातलं किती मिळवलं ते काढा. आधी सरासरी ४० टक्के होती आणि नंतर ७० झाली, तर उरलेल्या साठातले तीस मिळवले, म्हणजे ०.५. रिचर्ड हेक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये पदार्थविज्ञानाच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे आकडे याच मापाने मांडले. पारंपरिक वर्गांची सरासरी ०.२३ आली, मुलांना सतत करायला-बोलायला लावणाऱ्या वर्गांची ०.४८. विषय वेगळा, चाचणी वेगळी, म्हणून त्यांच्या आकड्याशी स्वतःची थेट तुलना करू नका. तुमचा एक घटक आणि तुमचाच दुसरा घटक, एवढीच तुलना पुरे.

पोर्शन मागे पडतोय हे त्यांचं म्हणणं खोडून काढू नका. तो पडणारच, कारण दोन प्रश्नांना तासातली अर्ध्याहून अधिक वेळ जाते. मुलांना स्वतः वाचून कळतं ते, म्हणजे वर्गीकरणाचे तक्ते, नावांच्या याद्या, ऐतिहासिक माहिती, टाचण आणि छोट्या व्हिडिओवर सोडा. प्रश्न फक्त तिथेच घाला जिथे दरवर्षी मुलं हमखास चुकतात: परासरण, अर्धसूत्री विभाजन, प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांचं नातं, नैसर्गिक निवड. मागच्या तीन वर्षांच्या उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त चुका कुठे झाल्या ते काढलंत की ही यादी तयार होते.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, पुढच्याच तासाला, चिठ्ठ्यांना उत्तर द्या. पाच मिनिटं पुरतात. लिहून घेतलं आणि पुढे काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी कोऱ्या चिठ्ठ्या येतील. साधारण असं म्हणा: ‘तुम्ही लिहिलेलं मी सगळं वाचलं. व्हिडिओ लांब आहेत, पुढच्या आठवड्यापासून दहा मिनिटांचे असतील. गट चारचे होतील. एकेकट्याचं नाव मी पुकारणार नाही, गटाला विचारेन. प्रत्येक प्रश्नानंतर बरोबर काय आणि का हे मी स्वतः समजावेन. एक गोष्ट मात्र बदलणार नाही: आधी तुम्ही विचार करायचा, मग मी सांगायचं. तसं का, ते गुरुवारी एका छोट्या प्रयोगातून आपण मिळून बघू.’ फळ्यावर दोन रकाने करा, ‘बदलतेय’ आणि ‘बदलत नाही’, आणि त्याचा फोटो मुलांना काढू द्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठ्या घ्या, पण ‘तास आवडतो का’ असं विचारू नका. तीनच प्रश्न ठेवा: या तीन आठवड्यांत कशामुळे शिकायला मदत झाली, कशाचा अडथळा झाला, आणि महिन्याभरापूर्वी जमत नव्हता असा कोणता प्रश्न आता सोडवता येतो. तिसऱ्या प्रश्नाखाली चार ओळींची जागा सोडा आणि तो प्रश्न तिथेच सोडवायला सांगा.